‘नैसर्गिक’ ही स्तुती नव्हे : स्मिता पाटील आणि मराठी संहिता

१

कलावंताच्या स्तुतीसाठी समीक्षा जे शब्द वापरते, त्या शब्दांतच कधी कधी त्या कलावंताची उपेक्षा दडलेली असते. स्मिता पाटील यांच्यासंबंधी मराठीत गेली चार दशके जे लेखन होत आले आहे, ते वाचताना याचा प्रत्यय वारंवार येतो. सहज, उपजत, अस्सल, मातीतली, रापलेली, डोळ्यांनी बोलणारी ही विशेषणे त्या लेखनात इतक्या वेळा येतात की, त्यांचा अर्थ एकदा तपासून पाहावा असे कोणाला वाटेनासे झाले आहे. ही सर्व विशेषणे गौरवाची आहेत यात शंका नाही. परंतु हा गौरव स्मिता पाटील यांच्या कामाचा नाही. तो त्यांच्या वर्णाचा, चेहऱ्याचा आणि जन्मतः लाभलेल्या कुठल्याशा गूढ देणगीचा आहे. जे उपजत आहे त्याला अभ्यास लागत नाही, आणि ज्याला अभ्यास लागला नाही त्याचा अभ्यास करण्याची गरजही मग कोणाला भासत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांला जे म्हणावयाचे आहे ते थोडक्यात असे : स्मिता पाटील या मराठी साहित्यकृतींच्या एक समर्थ वाचक होत्या. त्यांचे वाचन त्यांनी लेखातून मांडले नाही, भूमिकेतून मांडले. मराठीच्या अध्यापकांनी त्यांच्याकडे त्या दृष्टीने पाहिले पाहिजे, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द नेमका त्या पाहण्याच्या आड येतो. तो कसा येतो आणि लोणखेड्यासारख्या ठिकाणी मराठी शिकविणाऱ्यांना त्याची चिंता का वाटावी, हे क्रमाने मांडत आहोत.

२

चरित्राचा तपशील बहुतेकांना ठाऊक आहे. तरी विवेचनापुरता तो पुढे ठेवणे आवश्यक आहे. स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील शिरपूरचे. स्वातंत्र्यचळवळीतून आणि समाजवादी विचारातून घडलेले, पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात गेलेले. आई विद्याताई सामाजिक कार्यकर्त्या. घराचा संबंध राष्ट्र सेवा दलाशी होता. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने शहाद्याहून पूर्वेस निघाले की शिरपूर लागते; त्यामुळे आमच्या भागात त्यांचा उल्लेख ‘आपल्या शिरपूरच्या’ असा अभिमानाने होतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत शहादा आणि शिरपूर हे दोन्ही तालुके धुळे जिल्ह्यातच होते, हेही या आपलेपणाचे एक कारण.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या काळात मराठी बातम्या देणारी एक सावळी तरुणी म्हणून लोकांनी त्यांना प्रथम पाहिले. जीन्सवरच साडी नेसून त्या बातम्या वाचीत, ही आख्यायिकाही तेव्हाचीच. अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या फिल्म इन्स्टिट्यूटमधील पदविका चित्रपटात त्यांनी काम केले. श्याम बेनेगल यांचे ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ १९७५ मध्ये आले, ‘मंथन’ १९७६ मध्ये, ‘भूमिका’ १९७७ मध्ये. त्यानंतर मृणाल सेन, सत्यजित राय, केतन मेहता, जब्बार पटेल, गोविंद निहलानी, जी. अरविंदन अशा दिग्दर्शकांकडे त्यांनी हिंदी, मराठी, बंगाली, गुजराती आणि मल्याळम चित्रपटांत काम केले. आणि ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांतही केले. अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला, ‘भूमिका’साठी आणि ‘चक्र’साठी. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १३ डिसेंबर १९८६ रोजी प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने मुंबईत त्यांचे निधन झाले. वय एकतीस. कामाची वर्षे जेमतेम बारा.

या बारा वर्षांच्या हिशेबात एक गोष्ट सहसा नोंदली जात नाही. ‘भूमिका’च्या मागे हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन आहे. ‘जैत रे जैत’च्या मागे गो. नी. दांडेकर यांची कादंबरी आहे. ‘चक्र’च्या मागे जयवंत दळवी यांची कादंबरी आहे. ‘उंबरठा’च्या मागे शांता निसळ यांची ‘बेघर’ आहे. ‘अर्धसत्य’च्या मागे श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा आहे. ‘निशांत’ विजय तेंडुलकरांनी लिहिला. ‘मंथन’, ‘उंबरठा’ आणि ‘अर्धसत्य’ यांच्या पटकथांतही तेंडुलकर आहेत. म्हणजे ज्या भूमिकांमुळे स्मिता पाटील हे नाव मोठे झाले त्यांतील बहुतेकींची मुळे मराठी गद्यात आहेत, चित्रपटाची भाषा हिंदी असली तरीही. एवढा दाट संबंध असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांच्या नावाला जागा नाही.

३

जागा का नाही, याचे कारण आपल्या अध्यापनपद्धतीत आहे. साहित्यकृतीचे माध्यमांतर हा विषय मराठीच्या अभ्यासात आता स्थिरावला आहे. परंतु तो शिकविताना आपण दोन टोके पकडतो : इकडे लेखक, तिकडे दिग्दर्शक. कादंबरीत काय होते, पटकथेत काय गाळले, शेवट का बदलला, याचे तक्ते विद्यार्थी पाठ करतात. या दोन टोकांच्या मध्ये ज्या देहातून ती व्यक्तिरेखा प्रत्यक्षात येते, त्या देहाच्या निर्णयांविषयी तक्त्यात रकाना नसतो.

इंग्रजीच्या अभ्यासात असे नाही. सारा सिडन्स (१७५५–१८३१) ही ब्रिटिश रंगभूमीवरील अभिनेत्री. तिने लेडी मॅक्बेथच्या स्वभावासंबंधी स्वतः लिहिलेले टिपण आजही शेक्सपिअरच्या समीक्षेत वाचले जाते. कारण ती भूमिका वर्षानुवर्षे करणाऱ्या बाईला त्या संहितेविषयी काही कळले असणार हे तेथे गृहीत धरलेले आहे. ऑलिव्हिएचा हॅम्लेट आणि गिलगुडचा हॅम्लेट ही दोन वेगळी अर्थनिर्णयने आहेत असे तेथील अध्यापक संकोच न करता म्हणतात. आपल्याकडे आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधला गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट गाजला; परंतु त्याचे वर्णन आवाजाचे, आवेशाचे आणि टाळ्यांचे. त्या नटाने नाटकाचा कोणता अर्थ लावला, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. नट म्हणजे वाहक, अर्थ लेखकाचा, हा समज आपल्यात खोल रुजलेला आहे.

यावर आक्षेप येईल की, चित्रपट हे दिग्दर्शकाचे माध्यम आहे. कॅमेरा कोठे ठेवावा, काय कापावे हे नटी ठरवीत नाही. हे खरे आहे. परंतु कीर्तनकारही अभंग स्वतः लिहीत नाही आणि पूर्वरंग-उत्तररंगाची चौकटही त्याने ठरविलेली नसते. तरी त्याच्या निरूपणाला आपण निरूपण म्हणतो. चौकट दुसऱ्याची असल्याने अर्थ लावण्याचे काम संपत नाही. तेव्हा चौकटीच्या आत काय घडले ते चार कृतींच्या आधारे पाहू.

४

‘सांगत्ये ऐका’ हे पुस्तक १९७० मध्ये आले. हंसा वाडकर यांनी ते अरुण साधू यांना सांगितले. शीर्षकातच सांगणारी आहे आणि ऐकणाऱ्याला दिलेली आज्ञा आहे. हे निवेदन स्वतःची कीव करीत नाही. घडले ते सांगते आणि पुढे जाते. बेनेगल यांनी चित्रपट करताना हा प्रथमपुरुष काढून टाकला. ‘भूमिका’तील उषा आपली कथा कोणाला सांगत नाही, ती आपण पाहतो, वर्तमान रंगीत आणि भूतकाळ बराचसा कृष्णधवल. म्हणजे मूळ संहितेचा जो प्राण, तो ‘मी’चा स्वर, माध्यमांतरात गेला. तो परत आणण्याची जबाबदारी अभिनेत्रीवर आली.

चित्रीकरणाच्या वेळी स्मिता पाटील विशीच्या आरंभी होत्या आणि उषाला तारुण्यापासून मध्यमवयापर्यंत न्यावयाचे होते. त्यांनी काय केले? उषाच्या आयुष्यात केशव, राजन, सुनील आणि विनायक काळे असे चार पुरुष येतात. चौघांसमोर उषा वेगवेगळी ‘भूमिका’ करते आणि प्रत्येक वेळी आपण भूमिका करीत आहोत याचे भान तिच्या नजरेत क्षणभर डोकावते. काळेच्या वाड्यात तिला बाहेर पडण्याची मनाई आहे हे कळते तेव्हा तिचा संताप आधी येत नाही. आधी येते ओळख, हेही त्यातलेच निघाले अशी. वाडकरांच्या निवेदनातील कोरडेपणा, न रडता सांगण्याची ती रीत, येथे चेहऱ्यावर आली आहे. पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवल्यास असे दिसते की, पटकथेने गमावलेला स्वर अभिनेत्रीने वाचून परत मिळविला. याला उपजत म्हणणे म्हणजे वाचनाला वाचन न म्हणणे.

‘जैत रे जैत’ (१९७७) मध्ये प्रश्न निराळा होता. दांडेकरांच्या कादंबरीत ठाकर समाजाचे जग आहे, डोंगर आहे, पोळे आहे, राणी माशी आहे. या जगाला चित्रपटात महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत मिळाले; आणि त्याबरोबर एक धोकाही आला. निसर्ग, गाणे आणि आदिवासी स्त्री या तिन्ही गोष्टी एकाच चित्रात विरघळून जाण्याचा. चिंधी सुंदर दृश्याचा भाग होऊन राहिली असती. तसे झाले नाही, कारण स्मिता पाटील यांनी चिंधीचा हट्ट धरला. न आवडलेल्या नवऱ्याला सोडणारी, नाग्याला स्वतः निवडणारी, त्याच्या वेडाला वेड म्हणूनही त्याच्याबरोबर उभी राहणारी ही बाई विचार करणारी आहे. नाग्याच्या जिद्दीची किंमत शेवटी चिंधीच मोजते. ती आधीपासून एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी नसती, तर त्या शेवटाला शोकांतिकेचे वजन आले नसते.

‘चक्र’ (१९८१) हा रवींद्र धर्मराज यांचा चित्रपट. लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. दळवींच्या कादंबरीतील झोपडपट्टी मराठी वाचकाला अस्वस्थ करून गेली होती. कारण तेथील माणसे आपल्या दयेची वाट पाहत नव्हती. पडद्यावर अम्मा साकारताना दयेचा मोह सर्वांत मोठा. पंचविशीतील अभिनेत्रीने वयात येणाऱ्या मुलाची आई व्हावयाचे, लुका आणि अण्णा या दोन पुरुषांशी तिचे संबंध, त्यात तिची स्वतःची इच्छा. स्मिता पाटील यांनी अम्माच्या इच्छेला गरिबीचा परिणाम म्हणून माफी मागावयास लावले नाही. दळवींचे हे सर्वांत अवघड म्हणणे त्यांनी बरोबर वाचले होते. दुर्दैव असे की, उघड्यावरील आंघोळीचे दृश्य चित्रपटाच्या जाहिरातीसाठी वापरले गेले. ज्या देहातून एक बाई आपला मान सांगत होती, तोच देह भिंतीवर चिकटवून तिकिटे विकली गेली. ‘मातीतली’ या विशेषणाचा व्यापारी अर्थ काय होतो ते येथे दिसले.

आणि मग ‘उंबरठा’ (१९८२). ‘नैसर्गिक’ या सिद्धान्ताची खरी अडचण येथे होते. सुलभा महाजन ना शेतातली, ना झोपडीतली. ती सुशिक्षित, सुस्थित घरातील सून आहे; नवरा वकील, सासू समाजकार्यात. पती आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून ती महिलांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते. अम्माचे बसणे-उठणे येथे उपयोगाचे नाही. सुलभाचा कणा निराळा, तिच्या बोलण्यातील विराम निराळे. एकच चेहरा अम्मालाही ‘अस्सल’ आणि सुलभालाही ‘अस्सल’ ठरतो, तेव्हा अस्सलपणा चेहऱ्यात नव्हता हे मान्य करावे लागते.

शीर्षकाचा बदलही पाहण्यासारखा आहे. निसळ यांच्या कादंबरीचे नाव एका स्थितीचे नाव आहे : बेघर. चित्रपटाचे नाव एका जागेचे आहे, जेथे माणूस थांबतो किंवा जी ओलांडतो. स्मिता पाटील यांनी सुलभाला सतत त्या जागेवर उभे केले. ती सुधारगृहात ठाम असते आणि घरी परतल्यावर क्षणभर पाहुण्यासारखी उभी राहते. आपल्याच घरात कोठे बसावे हे न कळल्यासारखी. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे हे कळल्यावर ती पुन्हा निघते तेव्हा तिच्यात विजयाचा आविर्भाव नाही आणि पराभवाचाही नाही. ‘बेघर’पासून ‘उंबरठा’पर्यंतचा हा प्रवास विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी आम्हांला त्या उभे राहण्याहून चांगले साधन सापडलेले नाही.

‘अर्धसत्य’ (१९८३) मधील एक लहानसा प्रसंग येथे नोंदवावा असा आहे. ज्योत्स्ना गोखले ही महाविद्यालयात साहित्य शिकविणारी. म्हणजे आमच्याच व्यवसायातील. तिच्या जवळच्या पुस्तकातील दिलीप चित्रे यांची कविता पोलीस अधिकारी असलेला अनंत वेलणकर मोठ्याने वाचू लागतो, आधी थट्टेच्या सुरात आणि मग त्याचा स्वर बदलत जातो. ओम पुरी यांच्या त्या वाचनाचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु समोर बसून ती कविता ऐकणारी ज्योत्स्ना पाहा. कविता ठाऊक असलेली बाई, ती कविता पहिल्यांदा भेटलेल्या माणसाकडे पाहत आहे. वर्गात कविता शिकविणाऱ्या प्रत्येकाने विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर हा क्षण कधीतरी शोधलेला असतो.

५

आता एक गंभीर आक्षेप, जो आमच्या परिसरातून पाहिल्यास टाळता येत नाही. मंत्र्याच्या घरातील, पुण्यात शिकलेली मुलगी ठाकर स्त्रीची, झोपडपट्टीतील स्त्रीची, ‘मंथन’मधील बिंदूची, ‘सद्गती’तील दलित स्त्रीची भूमिका करते आणि ती ‘मातीतली’ म्हणून गौरविली जाते. ज्यांची ती माती आहे त्या स्त्रिया मात्र पडद्यावर येत नाहीत. हा आक्षेप खोटा नाही. ज्या वर्षांत हे चित्रपट तयार होत होते त्याच्या थोडे आधी शहादा तालुक्यातच मोठे काही घडत होते. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाने जागा झालेला भिल्ल समाज, १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना, जमिनीचे आणि मजुरीचे लढे, आणि गावोगाव दारूची मडकी फोडीत निघालेल्या आदिवासी बाया. त्या बायांचा चेहरा कोणत्याही गाजलेल्या चित्रपटात नाही.

परंतु या आक्षेपाचे उत्तर ‘नैसर्गिक’ या शब्दाला चिकटून राहण्यात नाही. उलट तो शब्द सोडण्यात आहे. स्मिता पाटील ‘त्यांच्यातल्याच’ होत्या असे म्हटले की खऱ्या त्यांच्यातल्यांची गैरहजेरी झाकली जाते. त्या त्यांच्यातल्या नव्हत्या, त्यांनी समजून घेऊन, वाचून ते अंतर कापले असे म्हटले, की अंतर दिसू लागते. मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’ (१९८०) या बंगाली चित्रपटात हेच अंतर विषय झाले आहे. १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी शहरातील मंडळी एका खेड्यात येतात. त्यांच्यातील नटीचे नाव स्मिता. ती भूमिका स्मिता पाटील यांनी स्वतःच्याच नावाने केली आहे. गावातील दुर्गा नावाच्या गरीब स्त्रीचे जगणे आणि नटी उभी करीत असलेली दुष्काळातील स्त्री समोरासमोर येतात. शेवटी मंडळी गाशा गुंडाळून परततात आणि दुर्गा मागे राहते. आपल्याच कलेच्या मर्यादेवर बोट ठेवणाऱ्या चित्रपटात, आपल्याच नावाने उभे राहण्यास निव्वळ उपजत बुद्धी पुरत नाही.

६

हा शब्दच्छल आम्ही एवढा का वाढवितो, असे वाचक विचारतील. त्याचे कारण आमच्या वर्गात आहे. लोणखेड्याच्या आसपासच्या महाविद्यालयांतून भिल्ल आणि पावरा समाजाची मुले-मुली मोठ्या संख्येने मराठी विषय घेतात. मराठी ही त्यांतील अनेकांची दुसरी भाषा, काहींची तिसरी. युवक महोत्सव आला की या मुलांची आठवण समूहनृत्यासाठी होते. ‘हे तर त्यांच्या रक्तातच आहे’ हे वाक्य आम्ही निवड समित्यांच्या बैठकांतून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. एकांकिकेतील मोठ्या, पानभर बोलावयाच्या भूमिकेची वेळ येते तेव्हा रक्त कामास येत नाही. तेव्हा ‘उच्चार शुद्ध हवेत’ असे ठरते. नृत्यासाठी सोळा जण महिनाभर जी तालीम करतात, पावले मोजतात, ढोलाचा ताल बदलून पाहतात, ती तालीम कोणाच्या हिशेबात येत नाही. नैसर्गिक ठरविलेल्या माणसाचे श्रम दिसत नाहीत. आणि श्रम दिसत नसल्याने त्याला अधिक अवघड काम दिले जात नाही.

खानदेशाला हा अनुभव नवा नाही. बहिणाबाई चौधरी यांच्या कविता १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, सोपानदेवांनी प्रसिद्ध केल्या, आचार्य अत्र्यांनी प्रस्तावना लिहिली आणि मराठी वाचक थक्क झाला. तेव्हापासून ‘निरक्षर असूनही’ हे दोन शब्द त्या कवितेला चिकटले ते चिकटलेच. आज आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. तरी त्यांच्या ओवीची बांधणी, प्रतिमांची निवड, अहिराणी-लेवा बोलीतील शब्दांचे वजन तोलण्याची त्यांची रीत यांच्याविषयी जेवढे शिकविले जाते, त्याहून अधिक त्या शिकल्या नव्हत्या याविषयी सांगितले जाते. बहिणाबाई आणि स्मिता पाटील यांच्यात काळ, वर्ग, माध्यम या कशाचेच साम्य नाही. साम्य आहे ते त्यांना मिळालेल्या स्तुतीत. दोघींच्याही कलेला कौशल्य म्हणण्याऐवजी चमत्कार म्हटले गेले.

अकाली मृत्यूने चमत्काराची ही कल्पना अधिकच घट्ट होते. जेम्स डीन १९५५ मध्ये चोविसाव्या वर्षी अपघातात गेला, आणि त्याने स्टाइनबेकच्या कादंबरीवरील चित्रपटात कोणते काम केले यापेक्षा तो कसा गेला हेच पुढे जग सांगत राहिले. स्मिता पाटील यांचेही असेच झाले आहे. डिसेंबर आला की छायाचित्रे येतात, हळहळ येते, ‘आज असत्या तर’ येते. मरणोत्तर, १९८७ मध्ये, आलेल्या ‘मिर्च मसाला’तील हाती विळा घेतलेली सोनबाई छापली जाते. ज्या कारणाने त्या गेल्या, त्या प्रसूतीनंतरच्या मरणाविषयी मात्र कोणी बोलत नाही. सातपुड्याच्या पाड्यांतून बाळंतपणात बाई जाते तेव्हा तिची आख्यायिका होत नाही. ते नित्याचे मानले जाते. हळहळ ही सुद्धा निवड करीत असते.

७

तेव्हा करावे काय? स्मारक, नामकरण, पुण्यतिथीचे व्याख्यान यांची उणीव नाही. ‘मंथन’ची दुरुस्त केलेली प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविली गेली, जुने चित्रपट जपण्याचे भान येत आहे ही समाधानाची गोष्ट. अध्यापकांच्या हातात जे आहे ते त्याहून लहान आहे, परंतु रोजचे आहे.

माध्यमांतर शिकविताना लेखक आणि दिग्दर्शक यांच्या जोडीला नटाचा रकाना काढावा. ‘सांगत्ये ऐका’मधील चार पाने आणि ‘भूमिका’तील दहा मिनिटे एकाच तासाला घ्यावीत आणि विद्यार्थ्यांना विचारावे : निवेदनातील कोणता स्वर येथे आला, कशाने आला, डोळ्यांनी, थांबण्याने की पाठ फिरविण्याने? ‘बेघर’मधील घर सोडण्याचा भाग वाचून घ्यावा आणि मग सुलभाचे उभे राहणे पाहावे. उत्तरात ‘सहज’, ‘नैसर्गिक’, ‘जिवंत’ हे शब्द वापरता येणार नाहीत एवढी एकच अट घालावी. आम्ही ही अट घातली तेव्हा पहिल्या तासाला वर्ग गप्प झाला. दुसऱ्या तासाला धडगावकडील एका विद्यार्थिनीने चिंधीविषयी लिहिले की, ही बाई डोंगरावर चालते तशी आमच्याकडे कोणी चालत नाही. ती चढ चढताना दम लपविते, आणि आम्ही लपवीत नाही. मग तिने पुढे लिहिले की, लपविणे हा चिंधीचा स्वभाव असेल, नटीची चूक नसेल, हे ठरविण्यासाठी कादंबरी पुन्हा वाचावी लागेल.

त्या मुलीने अभिनेत्रीला वाचक मानले, तिच्या वाचनाशी मतभेद नोंदविला आणि निवाड्यासाठी संहितेकडे परतण्याची तयारी दाखविली. यंदा महोत्सवाच्या एकांकिकेसाठी मोठी भूमिका कोणाला द्यावी, याची चर्चा सुरू होईल तेव्हा आम्ही तिचे नाव पुढे करणार आहोत. उच्चारांचा मुद्दा निघेल, तो निघू द्यावा. स्मिता पाटील यांनाही चिंधीची बोली शिकावीच लागली होती.